चुलीवर ठेवलेले वेल्डिंग रॉड

मी तेवीस वर्षं पाइपांचे सांधे तपासतो आहे. घर जव्हारला, नोकरी वाड्याच्या बाजूला कारखान्यांच्या पट्ट्यात. सांधा बाहेरून कितीही देखणा असला तरी मी त्यावर विश्वास ठेवत नाही, आणि वेल्डरवर विश्वास असला तरी सांधा तपासतोच. घरीही सवय सुटत नाही. सिलिंडर बदलला की रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून दोन मिनिटं घड्याळ बघत उभा राहतो. बायको म्हणते, मुलगी बघायला आलात तेव्हा हा फेस सोबत आणला नव्हता, नशीब माझं.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीकडे हायड्रोजनच्या पाइपलाइनचं काम आलं. लांबी फार नव्हती, दोन किलोमीटरला थोडी कमी. एका आवारात पाण्यापासून हायड्रोजन वेगळा काढायचा आणि शेजारच्या कारखान्याच्या भट्टीपर्यंत पाइपातून न्यायचा. आमच्या घराशेजारच्या किराणा दुकानदाराला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, गॅसचाच पाइप ना, तुम्ही तर आयुष्यभर तेच करताय. मला तिथं उभं राहून अर्धा तास बोलावं लागलं. गिऱ्हाईकं थांबली होती, पण अर्धवट सांगून निघणं मला जमत नाही.

त्याला सांगितलं ते थोडक्यात असं. हायड्रोजनचा रेणू सगळ्यांत लहान. जिथं पाणी, हवा, स्वयंपाकाचा गॅस अडतो तिथून तो निसटतो, म्हणून बोल्ट आवळून केलेले जोड जितके कमी तितके बरे. शक्य तिथं वेल्डच हवा. आकारमान तेवढंच घेतलं तर नैसर्गिक वायूपेक्षा त्यात साधारण एक तृतीयांश उष्णता असते, म्हणजे भट्टी तेवढीच तापवायची तर जवळजवळ तिप्पट वायू ढकलावा लागतो आणि ढकलणारं यंत्रही त्या हिशेबानं मोठं लागतं. त्याला वास नाही. पेटला तर दिवसा ज्योत दिसत नाही म्हटलं तरी चालेल. पण माझ्या कामाच्या दृष्टीनं सगळ्यांत अवघड गोष्ट वेगळी आहे. हा वायू पोलादाच्या आत शिरतो. रेणू फुटून सुटे अणू होतात, ते धातूत सरकत जातात आणि पोलाद जिथं जास्त कडक असेल तिथं जमून त्याला ठिसूळ करतात. त्यामुळे इथं कडक सांधा वाईट. सांध्याच्या आजूबाजूची जागा मोजली तर कडकपणाचा आकडा अडीचशेच्या आत यायला हवा, असं आमच्या कामाच्या कागदात लिहिलेलं होतं. उत्तम वेल्डरलाही हे उलटं वाटतं. त्यानं आयुष्यभर दणकट सांध्याची फुशारकी मारलेली असते.

दुकानदार म्हणाला, म्हणजे नरम माणूस टिकतो. मी म्हटलं, पोलादाचं बोलतोय. तो म्हणाला, साखर किती देऊ.

या कामासाठी वेल्डरची परीक्षा घेऊन कार्ड द्यायचं ठरलं. बारा उमेदवार होते, त्यांत एक बाई. ती माझ्या ओळखीची निघाली. दहा-अकरा वर्षांपूर्वी जव्हारच्या प्रशिक्षण संस्थेत मी शनिवारी पाहुणा म्हणून शिकवायला जायचो, तेव्हाच्या वेल्डिंगच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. पुढं लग्न होऊन खोडाळ्याजवळच्या पाड्यावर गेली. आता खोडाळ्याच्या बाजारात एका ग्रिलच्या दुकानात काम करते. खिडक्यांच्या जाळ्या, शाळेची फाटकं, जीपचे कॅरिअर. हात स्थिर आणि घाई नाही. या धंद्यात या दोन गोष्टी शिकवून येत नाहीत.

तिचं काय अडलं होतं ते मला पहिल्याच भेटीत कळलं. ग्रिलच्या दुकानाला वर्षभर पुरेल एवढं काम नाही. दिवाळी झाली की नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, आणि भट्टीवाला एकटा माणूस घेत नाही, जोडी घेतो. म्हणून तिलाही जावं लागतं. मुलगी सोबत. घरात सासू एकटी. कार्ड मिळालं तर पाइपलाइनवर दोन वर्षांचं काम होतं, वाड्याकडे उतरणाऱ्या जीपनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगं. नवऱ्यालाही तिथंच खोदाईवर घेणार होते. ती एवढंच म्हणाली, “सर, या वर्षी मला जायचं नाही.”

सरावासाठी कंपनीनं प्रत्येकाला त्याच पाइपचे तुकडे दिले, आठ इंची, भिंतीची जाडी १२.७ मिलिमीटर, आणि खास रॉडचं एकेक बंद पाकीट. वाटप मीच केलं. बाराही जणांना समोर बसवून सांगितलं की हे रॉड कोरडे ठेवा, पावसाळी हवा लागू देऊ नका. पाकिटावर इंग्रजीत बारीक अक्षरांत तापमान छापलेलं होतं. ते मी वाचून दाखवलं नाही. मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल.

जुलैतल्या एका रविवारी ती जव्हारला आमच्या घरी आदल्या संध्याकाळी जोडलेले तीन तुकडे घेऊन आली. पिशवीत तिन्हींचं वजन चांगलंच झालं होतं, आणि शिरपामाळ बघायला आलेल्या पाहुण्यांनी जीप भरलेल्या असल्यामुळे ती मोखाड्यापासून उभी आली होती. मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तपासणी केली. ही सोपी पद्धत आहे. सांधा स्वच्छ पुसायचा, त्यावर लाल रंग फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं, वरचा रंग पुसून काढायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. कुठं चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. बायको दारात उभी राहून म्हणाली की, मागच्या वेळचे डाग अजून गेलेले नाहीत, आणि लोक मला विचारतात तुमच्याकडे कोंबडं कापलं का.

तिन्ही तुकडे पांढरेशुभ्र राहिले. मी भिंगातून पाहिलं. मग म्हणालो, चांगलं आहे. तिनं चहा घेतला, बायकोनं तिच्या मुलीसाठी लाडू बांधून दिले, आणि ती चारच्या जीपनं गेली.

मंगळवारी संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा ते तुकडे पडवीतल्या फळीवर होते. मी पुन्हा लाल रंग लावला. संशय काही नव्हता. अशा पोलादाचा सांधा गार झाल्यावर अठ्ठेचाळीस तास थांबून तपासायचा असा नियम आहे, आणि तो मी रविवारी पाळला नव्हता, कारण तपासणी घरची होती. पांढरी भुकटी वाळत आली तसं एका तुकड्यावर वेल्डच्या कडेला केसासारखी लाल रेघ उमटली. अकरा मिलिमीटर. दुसऱ्या तुकड्यावर सहा. तिसरा स्वच्छ होता.

ही चीर कशी येते ते सांगणं भाग आहे. रॉडवर जे पांढरट लेपण असतं त्यात दमटपणा राहिला की वेल्डच्या ठिणगीत त्या पाण्याचे तुकडे होतात. पाण्यातला हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या पोलादात शिरतो. सांधा थंड होतो, सगळं ठीक दिसतं. आत मात्र ते अणू कडक जागेकडे सरकत असतात. कधी दहा तासांनी, कधी तीस तासांनी, कोणी हात लावलेला नसताना सांधा चिरतो. म्हणजे ज्या वायूपासून पाइप वाचवायचा, तोच वायू आम्ही पाइप बांधतानाच सांध्यात भरून ठेवत होतो. लाइनमध्ये पहिला दाब चढवायच्या आधीच.

मी तिला फोन केला. त्या पाड्यावर फोन लागत नाही, रस्त्याच्या वळणावर लागतो, त्यामुळे आधी ग्रिलच्या दुकानात निरोप ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी बोलणं झालं. करंट विचारला, बरोबर होता. सांधा आधी गॅसच्या टॉर्चनं तापवला होता का, होता, ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूनं खूणही घेतली होती. दोन तुकड्यांमधली फट बरोबर. मग विचारलं, रॉड कुठं ठेवतेस. ती म्हणाली, कोरड्या जागी. दुकानाचं छप्पर गळतं म्हणून रोज घरी नेते. आमच्या घरातली सगळ्यांत कोरडी जागा आहे, सर.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी मोटरसायकलनं खोडाळ्याला गेलो. दुरून तापमान दाखवणारं पिस्तुलासारखं यंत्र सोबत घेतलं, कंपनीचा गेट पास करून.

तिला दुकानातून घेऊन पाड्यावरच्या घरी गेलो. सासू चुलीपाशी होती. चुलीच्या वर, हात उंच केला की लागेल इतक्या उंचीवर, बांबूचा छोटा माळा होता. त्यावर धुराने काळे झालेले दोन भोपळे, त्यांत नागलीचं आणि वरईचं बियाणं. बाजूला मक्याची कणसं टांगलेली. आणि भोपळ्यांच्या मधे, जुन्या लुगड्याच्या फडक्यात नीट गुंडाळलेले माझे वेल्डिंग रॉड. त्या घरात पावसाळाभर जे जे नासता कामा नये ते तिथं ठेवतात. तिला कोरडं ठेवायला सांगितलं, तिनं घरातल्या सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत खात्रीच्या जागी ठेवलं. मला तिची चूक सापडेना. चूक शोधायचीच तर ती मी वाटप केलं त्या खोलीत सापडत होती.

मी यंत्र बाहेर काढलं तशी सासूनं कपाळ पुढं केलं. तिला वाटलं ताप बघायला आलो. मी तेही बघितलं, साडेछत्तीस, आणि मग यंत्र माळ्याकडे धरलं. चूल धडधडत असताना अठ्ठावन्न. रॉडवर बावन्न. मी विचारलं, सकाळी चूल पेटायच्या आधी हे किती गरम असतं. सून म्हणाली, गारच असतं. चुलीवर भाताचं पातेलं होतं आणि झाकणाखालून वाफ सरळ वर माळ्याकडे जात होती. मी ती वाफ बघत राहिलो. सुनेनंही बघितली. तिचा चेहरा उतरला. दिवसातून दोन वेळा ती स्वतःच भात शिजवून रॉडना वाफ देत होती.

सासू म्हणाली, “माझं बी पन्नास वर्सां कुजलं नाय. लोखंडाची कांडी कशी कुजंल? अन् पेरणार कवा त्या?”

मी तिला सांगितलं, तुमची जागा बियाण्यासाठी बरोबर आहे. बी जिवंत ठेवायचं असतं, फार तापलं तर मरतं. या कांडीतला ओलावा मात्र पार मारायचा असतो. किती गरम लागतं, तिनं विचारलं. मी म्हटलं, साडेतीनशे. या माळ्यावर लागते त्याच्या सहा-सात पट. ती म्हणाली, तेवढ्यात तं माझा माळाच जळंल, आणि हसली. मग मला भात आणि उडदाची आमटी वाढली. मी जेवलो.

दहा रॉड मी सोबत आणले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांचं वजन केलं, भट्टीत साडेतीनशेवर दीड तास भाजले आणि काढल्या काढल्या पुन्हा वजन केलं. एक पूर्णांक सहा दशांश ग्रॅम कमी भरलं. हे ऐकायला थोडं वाटतं. पण दहा रॉडवरचं लेपण साधारण शंभर ग्रॅम, म्हणजे त्यात शेकडा दीडच्या वर पाणी होतं, आणि चालतं ते शेकडा अर्ध्याच्याही आत. मी तो कागद घेऊन साहेबांकडे गेलो आणि सांगितलं की मी बारा जणांना अपुरी सूचना दिली आहे. साहेबांनी विचारलं, बाकी अकरांचं काय. मी म्हटलं, आता विचारतो.

अकरा फोन केले. चौघांना भाजणं माहीत होतं. बाकीच्यांनी आपापल्या परीनं कोरडं ठेवलं होतं. एकानं तांदळाच्या कणगीत खोचले होते. जव्हार गावातल्या एकानं फ्रिजमध्ये ठेवले होते, आणि फ्रिज नवीन आहे असं मला दोनदा सांगितलं. एकजण म्हणाला, बायकोच्या शालूच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांसोबत. हसून मोकळं होण्यासारखं होतं, पण प्रत्येकानं माझा शब्द पाळला होता, त्यामुळे हसू आलं नाही. मी मराठीत एक पान लिहिलं, त्यात फक्त आकडे: किती डिग्रीवर किती वेळ भाजायचे, नंतर कितीवर ठेवायचे, एकशे वीसच्या खाली गेलेला रॉड वापरायचा नाही, पुन्हा भाजायचा. ते पान परीक्षेच्या कार्यपद्धतीला जोडलं आणि बाराही जणांना पोचवलं. त्यासाठी साहेबांना दिलेल्या अर्जात हेही लिहिलं की एका उमेदवाराचे सरावाचे तुकडे मी घरी तपासले आहेत, तेव्हा परीक्षेचा निकाल माझ्याकडे ठेवू नये. साहेब म्हणाले, एवढं लिहायची काय गरज होती. पण त्यांनी पुण्याहून बाहेरचा तपासनीस बोलावला.

रॉड गरम ठेवायचे विजेचे डबे कंपनीकडे चार होते. उमेदवारांत ते फिरवले. खोडाळ्याला आठ दिवस एक गेला. भाजलेले रॉड कंपनीतून बंद डब्यात यायचे, तिथं डबा लावून ती सराव करायची. पण पावसाळ्यात खोडाळ्याची वीज कधी जाईल सांगता येत नाही. तिनं स्वतः मोजून ठेवलं की वीज गेल्यावर डबा दीडशेवरून एकशे वीसवर यायला किती मिनिटं लागतात. झाकण न उघडता बावीस. दर दोन मिनिटांनी उघडलं तर नऊ. हे आकडे तिनं मला फोनवर सांगितले तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. मग तिनं एक पद्धत बसवली. भाताच्या आवणीच्या वेळी रोपांच्या जेवढ्या मुठी हातानं लगेच लागतील तेवढ्याच बांधावर आणतात, जास्त आणल्या तर वाळून जातात. तसे ती एका वेळी चारच रॉड काढायची, झाकण एकदाच उघडायची. मी इतकी वर्षं इतक्या वेल्डरांना ही शिस्त लावायचा प्रयत्न केला आहे. कोणाच्या हाती ती इतक्या सहज बसलेली पाहिली नव्हती.

परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. पाऊस धरून होता. शेडमध्ये बारा खण, प्रत्येकात एक उमेदवार, एक मशीन, एक डबा. जादा डबे कंपनीनं भाड्यानं आणले होते. मी निकालातून बाहेर असल्यामुळे आत जायचं नव्हतं. काचेच्या खिडकीच्या अलीकडे उभा राहिलो. आवाज ऐकू येत होता, बोलायची मुभा नव्हती.

तिच्या तिसऱ्या तुकड्याचे शेवटचे थर चालू असताना वीज गेली. जनरेटर लगेच चालू झाला, पण त्यावर फक्त वेल्डिंगची मशीनं होती. डब्यांचे सॉकेट दुसऱ्या लाइनवर निघाले. बाकीच्यांच्या ते लक्षात आलं नाही, मशीन चालू होतं तेवढं त्यांना पुरे होतं. बाहेर काढलेले चार रॉड आणि मधली घासाई संपेपर्यंत अर्धा तास गेला; मग ती डब्याकडे वळली, काटा बघितला आणि होल्डर खाली ठेवला. मग सांधा गार होऊ नये म्हणून टॉर्च पेटवून त्यावर हळूहळू फिरवत राहिली.

तपासनीस तिच्या खणाशी गेला आणि विचारलं, का थांबलात.

“डबा एकशे दहावर आलाय, सर.”

“अहो, हाताला चटका बसतोय अजून. घ्या, चालतंय.”

“हाताला तर आमच्या चुलीवरचेपण गरम लागायचे,” ती म्हणाली. “त्यांनी जोडलेले दोन तुकडे चिरले. हे मी लावणार नाही. पुन्हा भाजून द्या.”

“वेळ धरला जाईल तुमचा.”

“धरा. पण कागदात काय लिहिलंय ते एकदा बघा.”

मी काचेमागे उभा होतो. माझ्या खिशात तेच पान होतं आणि त्यातली ओळ मला पाठ होती. हात वर करून ते काचेला लावणं एवढंच करायचं होतं. मी ते केलं नाही. निकालातून बाहेर राहतो असं लिहून दिल्यावर त्याचा अर्थ बाहेरच राहणं असतो. त्या तीन-चार मिनिटांत तिचं दोन वर्षांचं काम त्या माणसाच्या पानं उलटण्यावर अवलंबून होतं. त्यानं कार्यपद्धती काढली, चष्मा वर सारून वाचली, पुन्हा वाचली. मग शेडच्या मधोमध जाऊन टाळी वाजवली आणि सगळ्यांची वेळ थांबवली.

बाकीच्या अकरा डब्यांचे काटे बघितले गेले. सगळे एकशे वीसच्या खाली. रॉड परत भट्टीत गेले, दीड तास. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. सांधे तापते ठेवायला सगळे टॉर्च घेऊन बसले. शालूच्या पेटीतले रॉड ज्याचे होते तो पलीकडच्या खणातून ओरडला, ताई, तुझ्यामुळे माझा डबा गार झाला, आणि रॉडचा नाही म्हणतोय मी, भाजी-भाकरीचा. ती म्हणाली, दादा, तो टॉर्चवर धर की, त्याला साडेतीनशे लागत नाहीत. सगळे हसले. मला खिडकीमागून हसता आलं, त्यावर काही बंदी नव्हती.

संध्याकाळी सगळे तुकडे कुलपात ठेवले. अठ्ठेचाळीस तास. या वेळी मी किल्ली दुसऱ्याकडे दिली. तिसऱ्या दिवशी लाल रंग, एक्स-रे, मग तुकडे कापून वाकवून बघणं, आणि शेवटी हार्डनेस, म्हणजे कडकपणा. हार्डनेसचं यंत्र हिऱ्याचं बारीक टोक धातूवर दाबतं आणि पडलेल्या खड्ड्यावरून आकडा काढतात. तपासनीस आकडे वाचत होता, आमचा लेखनिक लिहीत होता. बारापैकी सात जण पास झाले. त्यांत ती होती. चारही तुकड्यांत कुठं लाल रेघ नव्हती.

निकाल लागला की मी कळवावं, एवढी परवानगी साहेबांनी दिली. तिला आधीच सांगून ठेवलं होतं की चार वाजता वळणावर थांब. मी चारला फोन लावला. पहिल्याच घंटेला तिनं घेतला. वारा जोरात होता, ती नागलीच्या रानातून निंदणी सोडून वर आली होती. मी म्हटलं, पास झालीस, कार्ड सोमवारी मिळेल. ती म्हणाली, “आकडा किती आला, सर?”

मी तिला सगळे वाचून दाखवले. एकेका तुकड्याचे, सांध्याच्या दोन्ही बाजूंचे आणि मधले. सगळे अडीचशेच्या आत. सगळ्यांत जास्त दोनशे एकतीस.

“तो कुठं आला?”

मी कागद बघितला. तिसरा तुकडा, खालची बाजू, शेवटचा थर. मी तसं सांगितलं.

“तिथं मी थांबले होते,” ती म्हणाली. “दीड तास टॉर्च फिरवली तरी खालून जरा गारच पडला असणार. खाली पोचायला अवघड जातं. प्रत्यक्ष लाइनवर मध्येच थांबायची वेळ आली तर खालून दुसरा माणूस टॉर्च धरायला लागेल, सर. तेवढं लिहून घ्याल?”

मी लिहून घेतलं. मग ती म्हणाली, सोमवारी पहिल्या जीपनं निघते, सात वाजता आत घेतील ना. मी म्हटलं, घेतील. तिनं फोन ठेवला नाही, कोणाला तरी हाक मारली, आणि मला वाऱ्यातून ऐकू आलं की ती नवऱ्याला, जो रानाच्या खालच्या कडेला असावा, मोठ्यानं सांगत होती की भट्टीवाल्याला निरोप धाड, या वर्षी आमची जोडी धरू नको.